पाहिलं तेवढंच सांगते

नाताळ अंकासाठी लिहा म्हणून संपादक घरी आले, तेव्हा मी अंगणात तूर निवडत बसले होते. विषय त्यांनी ठरवूनच आणला होता: ख्रिस्ती जीवनात सत्याला धरून राहणं. मी म्हटलं, "हा विषय पाळकसाहेबांना द्या. मी नर्स होते. आयुष्यभर इंजेक्शनं दिली, प्रवचन एकही दिलं नाही." ते म्हणाले, "प्रवचनं आमच्याकडे ढीगभर आली आहेत, सिस्टर. तुम्ही दवाखान्यातलं लिहा." म्हणून हे दवाखान्यातलं.

माझी नोकरी फुलसावंगीला सुरू झाली. मधली काही वर्षं वणीत कोळशाच्या धुळीत गेली आणि शेवटी केळापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यातून मी निवृत्त झाले. बदल्यांची हकिगत सांगत बसत नाही. ती सगळ्यांचीच सारखी असते.

बाहेरच्यांना वाटतं, नर्सचं काम म्हणजे सुई, सलाईन आणि ओरडणं. ओरडतो, ते मान्य आहे. पण दिवसातला बराच वेळ आम्ही नुसतं विचारत असतो. काय खाल्लं, कधी खाल्लं, काय चावलं, ताप कधीपासून. या उत्तरांवर डॉक्टर उपचार ठरवतात, आणि उत्तरं देणारे बहुतेक जण थोडंफार खोटं बोलतात.

एक आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनला आले होते. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, नाहीतर पोटातलं उलटून श्वासनळीत जातं आणि माणूस टेबलावरच दगावतो. मी विचारलं, "आजोबा, सकाळपासून काही खाल्लं का?" त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. पण जवळ गेले तर बेसनाचा आणि कांद्याचा वास. पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "खाल्लं नाई बाई, स्टँडवर दोन आलूबोंडे नुसते चाखले."

"मग खोटं काहून बोललात?"

"खरं सांगतलं असतं तर तुमी आज ऑपरेशन केलं नसतं न."

"तेच तर, आजोबा. म्हणूनच विचारतो आम्ही."

ऑपरेशन पुढे ढकललं. आजोबा रागावून गेले आणि ठरल्या दिवशी उपाशी पोटी, तोंड पाडून परत आले. हे हसण्यावारी गेलं. सगळंच जात नसे. पोलीस येतील म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, मालक रागावेल म्हणून लोक आमच्यासमोर खोटं बोलत. मला त्यांचा राग फारसा येत नसे. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि खोटं नेहमी हाताशीच असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीनं लोक हैराण झाले होते आणि जो तो फवारत सुटला होता. आमच्याकडे फवारायच्या विषाला औषध म्हणतात. दुकानात जाऊन लोक 'अळीचं औषध' मागतात, आणि ते अंगावर सांडलं की आमच्याकडे येतात खऱ्या औषधासाठी. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती. कमरेएवढ्या झाडावर फवारलं तर औषध खाली पडतं. डोक्यावरच्या झाडावर फवारलं तर ते तोंडावर, डोळ्यांत, नाकात येतं. फवारणारे बहुतेक मजूर. पाठीवर पंप, अंगात एक सदरा, तोंडाला फार तर रुमाल. पावसाळा सरता सरता आमचा वॉर्ड अशा लोकांनी भरून गेला. खाटा संपल्या की खाली गाद्या.

अशा रोग्याला पाहिलं की कळतं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झालेल्या असतात. तोंडातून लाळ, अंगाला घाम, दंडाचं आणि मांडीचं मांस आपोआप उडत असतं. विष पोटातून गेलं असेल तर नाकातून नळी घालून पोट धुतात. कातडीतून गेलं असेल तर कपडे उतरवून आधी साबणानं अंघोळ घालायची. केस, नखं, कानामागची जागा, सगळं धुवायचं. तोवर ते आत मुरतच राहतं. म्हणून विष तोंडातून गेलं की अंगावरून, हे पहिल्यांदा खरं कळावं लागतं.

त्या दिवशी दुपारी फाटकातून एक जीप आत आली आणि मी ती लगेच ओळखली. काकाजींची जीप.

काकाजी म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच. त्यांचं नाव शांतवन, पण लहानथोर सगळे काकाजीच म्हणत. आमचं छोटं चर्च त्यांनी दिलेल्या जागेवर उभं आहे. केळापूर तालुक्यातल्या या गावी बदली होऊन आल्यावर वर्षभरात माझे मिस्टर वारले. मूलबाळ नव्हतं. काकाजींनी चर्चच्या बाजूच्या आपल्या आवारातल्या दोन खोल्या मला उघडून दिल्या आणि पुन्हा कधी भाड्याचं नाव काढलं नाही. पावसाच्या आधी स्वतः छपरावर चढून कौलं नीट करून देत. काकू सणावाराला ताट पाठवत. मला या गावात घर मिळालं ते त्या माणसामुळे, आणि हे मी आजही तितक्याच कृतज्ञतेनं सांगते.

जीपच्या मागच्या बाकावर काकाजी बसले होते. त्यांच्या मांडीवर एका माणसाचं डोकं होतं आणि त्यांचा पांढरा सदरा त्याच्या लाळेनं भिजला होता. माणूस होता लक्ष्मण टेकाम. जवळच्या पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा. काकाजींच्या शेतात कामाला होता.

डॉक्टर धावत आले. "काय घेतलं यानं?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दारू पेऊन होता, साहेब. त्या तारेत फवारायचं औषध पेला."

डॉक्टरांनी नळी मागितली. विष प्यायलेल्याच्या तोंडाचा वास घ्यायचा, हे आम्हाला शिकताना घोटून घेतलेलं असतं. मी वाकले. लक्ष्मणच्या तोंडाला तंबाखू-सुपारीच्या खर्‍र्याचा वास होता. दारूचा नव्हता, औषधाचाही नव्हता. त्याला कुशीवर वळवलं तर सदरा पाठीला चिकटलेला, मानेपासून कमरेपर्यंत ओला. त्या सदऱ्याचा वास डोळ्यांत झोंबत होता.

मी म्हटलं, "डॉक्टर, तोंडाला वास नाही. पाठीला आहे."

डॉक्टर तरुण होते, पण माणूस नीट ऐकणारा. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं आणि म्हणाले, "नळी राहू द्या. आधी अंघोळ."

आम्ही त्याला बाहेरच्या नळाजवळ नेलं. साबण लावता लावता तो थोडा शुद्धीवर आला. "पंप गयत होता बाई," तो म्हणाला, "सकायपासून पाठीवर गयत होता." मग पुन्हा डोळे फिरले. मी मान वर केली. काकाजी चार हातांवर उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि वळून फाटकाकडे गेले.

पुढचे दिवस कठीण गेले. या विषावर जे इंजेक्शन देतात, ते परत परत द्यावं लागतं आणि त्यानं माणूस काही काळ भ्रमात जातो. बडबडतो, कपडे ओढतो. लक्ष्मण गादीवर पडल्या पडल्या हवेत हात करून काहीतरी तोडायचा आणि कमरेशी टाकायचा. तोडायचा आणि टाकायचा. त्याची बायको सोमीबाई उशाशी बसून होती. ती म्हणाली, "कापूस येचून राह्यला तो, बाई."

मी म्हटलं, "वेचू दे. थकला की झोपेल."

थोड्या वेळानं तिनं खालच्या आवाजात विचारलं, "बाई, लोक म्हणते हा दारू पेऊन औषध पेला. हा तं पेतच नाई."

"मला माहीत आहे, सोमीबाई."

"मंग काहून म्हणते?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते काकाजींनी द्यायचं होतं.

लक्ष्मण वाचला. डोळे उघडून त्यानं पहिल्यांदा पेज मागितली तेव्हा सोमीबाई रडली आणि मी स्टोअरमध्ये जाऊन देवाचे आभार मानले. वॉर्डात प्रार्थना करायला वेळ नसे, पण स्टोअरचं दार लोटलं की जागा शांत असायची.

पण गोष्ट तिथे संपणार नव्हती. विषबाधेची इतकी माणसं आली होती की सरकारनं चौकशी लावली होती. फवारताना विष बाधलं असेल तर त्या माणसाला सरकारी मदत होती. स्वतःहून प्यायला असेल तर मदत नव्हतीच, उलट पोलिसांचा ससेमिरा होता. एका वाक्यावर लक्ष्मणचं घर इकडे किंवा तिकडे जाणार होतं.

चौकशीचे साहेब येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी काकाजी माझ्या खोलीवर आले. मी खुर्ची दिली. चहा नको म्हणाले.

"उद्या साहेब येऊन राह्यले, बाई. तुमाले विचारतीन."

"हो."

"काय सांगसान?"

"पाहिलं ते, काकाजी."

ते खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "पंपाचं वायसर गेलं होतं. रशीदनं मले सांगतलं होतं, बदला म्हून. मी म्हटलं, एवढा फवारा होऊ द्या." वायसर म्हणजे वॉशर, आणि रशीदभाई म्हणजे बाजारातले पंप दुरुस्त करणारे मिस्त्री. "मले काय मालूम होतं असं होईन. त्याले पाहून मी घाबरलो. जे तोंडात आलं ते बोलून गेलो. आता परत कसं घेऊ?"

"उद्या तुम्हीच सांगा ना साहेबांना."

"मी पंच हाये, बाई. मंडळीचं नाव खराब होईन."

मी म्हटलं, "काकाजी, मंडळीचं नाव खरं बोलून खराब होत नाही."

ते उठले. दारात क्षणभर थांबले. मला वाटलं, आता खोल्यांचं काढतील, कौलांचं काढतील. त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. त्यांनी उपकारांची आठवण दिली असती तर मला सोपं गेलं असतं. मी रागावले असते आणि रागानं बोलून मोकळी झाले असते. ते नुसते मान खाली घालून गेले, आणि मला जेवण गेलं नाही.

त्या आधी मी पाळकसाहेबांनाही विचारलं होतं. ते भले माणूस, पण सगळ्यांना सांभाळून असणारे. म्हणाले, "विचारलं तेवढंच सांगा, सिस्टर." मी त्या सल्ल्याची पुढची अर्धी बाजू स्वतःच जोडली. विचारलं तेवढं सांगायचं, पण सगळं सांगायचं.

चौकशी डॉक्टरांच्या खोलीत झाली. साहेब होते, काकाजी होते. मजुरांच्या बाजूनं बोलणारा गावातला एक पुढारी होता. साहेबांनी मला विचारलं आणि मी सांगितलं. तोंडाला वास नव्हता. पाठ ओली होती. सदरा ओला होता. अंघोळ घालताना तो म्हणाला, पंप सकाळपासून गळत होता. मी हे बोलत असताना काकाजी जमिनीकडे पाहत होते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

पुढाऱ्याला हुरूप आला. "सिस्टर, आता हेही सांगा. यानं त्याले मुद्दाम उशिरा आणलं ना? वावरात पडू देल्लं ना?"

मी म्हटलं, "नाही. उशीर केला नाही. काकाजींनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन आणलं. त्यांच्या सदऱ्यावर त्याची लाळ होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर लक्ष्मणभाऊ वाचले नसते."

"पण खोटं बोलला ना तो?"

"बोलले. आणि वेळेवर आणलं. दोन्ही मी पाहिलं."

काकाजींनी तेव्हा मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ती नजर मला तेव्हा कळली नाही.

लक्ष्मणला मदत मिळाली. काकाजींना ताकीद मिळाली आणि त्यांनी पंचपद सोडलं. मला काय मिळालं, तर दोन्हीकडची नाराजी. पुढारी चौकात म्हणाला, "ही बाई दोन्ही ढोलक्या वाजवते." रविवारी चर्चमध्ये माझ्या सतरंजीवर कोणी बसेना. काकाजी आणि काकू तर यायचेच बंद झाले. महिन्याभरात काकाजींचा थोरला मुलगा आला आणि म्हणाला की त्या खोल्या कापूस भरायला लागतात. मी बरं म्हटलं. खोल्या त्यांच्या होत्या.

सामान बांधत होते तेव्हा रशीदभाई आले. चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी ते आपणहून साहेबांकडे गेले होते आणि वायसरचं सांगून आले होते. मी विचारलं, "तुम्हाला तर कोणी बोलावलं नव्हतं."

ते म्हणाले, "तुमी बोलल्या, सिस्टर, मंग मले चूप बसता येईना. आता असं करा, आमच्या घराच्या बाजूला एक खोली खाली हाये. अम्मी दिवसभर एकटीच राह्यते. तुमी आल्या तं तिलेबी बोलाले माणूस होईन."

त्या खोलीत मी निवृत्तीपर्यंत राहिले. त्यांच्या अम्मी रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसत आणि दवाखान्यातल्या गोष्टी ऐकत. रमजान ईदला त्या मला शीरखुर्मा देत आणि नाताळला मी त्यांना करंज्या. रशीदभाईंनी नंतर गळका पंप वायसर बदलल्याशिवाय परत देणं बंद केलं. गिऱ्हाईक चिडलं तरी ऐकत नसत. खरं बोलल्यानं माझं एक घर सुटलं आणि दुसरं मिळालं. माझं नशीब चांगलं होतं. सगळ्यांना असं दुसरं दार मिळत नाही, हेही मी पाहिलं आहे.

एक खंत मात्र राहिली. काकाजींशी बोलणं तुटलं होतं. रस्त्यात भेटले की मी 'जय ख्रिस्त' म्हणायची, ते मान हलवून पुढे जायचे. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नव्हता हे त्यांना सांगायला मला जागाच सापडली नाही.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एका दुपारी ड्युटी संपवून निघत होते तेव्हा काकूंचा निरोप आला, काकाजींनी बोलावलं आहे. ते आजारी असल्याचं कानावर होतंच. लिव्हर गेलं होतं. नागपूरहून त्यांना घरी आणलं होतं, म्हणजे आम्हा दवाखान्यातल्या लोकांना जे कळायचं ते कळलं.

थोरल्या मुलानं मला ओसरीवरच थांबवलं. "सिस्टर, त्यांना काही सांगू नका. आम्ही म्हटलं आहे, कावीळ आहे, उतरून जाईल."

मी म्हटलं, "मी आपणहून काही सांगणार नाही. त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. चालत असेल तर आत जाते, नाहीतर इथूनच परतते."

तो बाजूला झाला.

काकाजी ओळखू येत नव्हते. डोळे पिवळे, हातापायांच्या काड्या, पोट फुगलेलं. मी उशाशी बसले. सवयीनं नाडी धरली.

"बाई," ते म्हणाले, "हे सारे मले म्हणते, बरं होईन. तुमी सांगा."

"तुम्हाला काय वाटतं, काकाजी?"

"मले वाटते, निंघाची येळ झाली."

मी त्यांचा हात सोडला नाही. "हो. वेळ थोडा आहे."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, धक्का बसला. पण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या आणि ते हळूच म्हणाले, "हां. आता मोकयं वाटलं. पंधरा दिवस झाले, घरात कोणी माह्या डोयाकडे पाहून बोलत नाई."

थोडं पाणी मागितलं, घोटभर प्यायले. मग म्हणाले, "तुमाले काहून बोलावलं, मालूम हाये? त्या दिवशी तुमी साहेबांसमोर माह्या विरुद्ध बोलल्या. अन् लगेच माह्या बाजूनंबी बोलल्या. कोणी सांगतलं नसताना. तवापासून मले वाटे, मराच्या आधी खरं ऐकाचं असन तं या बाईले विचाराचं."

चौकशीच्या खोलीतली ती नजर मला तेव्हा कळली.

"लक्ष्मणले बोलावता का?" त्यांनी विचारलं. "माह्या पोरांनी बोलावलं तं तो येनार नाई."

दुसऱ्या दिवशी मी रशीदभाईंना घेऊन पोडावर गेले. लक्ष्मणची दृष्टी अधू झाली होती, हात थरथरायचा, पण तो चालत-फिरत होता आणि शेळ्या राखत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि सोमीबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मीबी येतो." आमच्याकडे बायाही 'येतो' म्हणतात.

काकाजींच्या खोलीत दोघं भिंतीला टेकून खाली बसली. काकाजी म्हणाले, "लक्ष्मण, मी खोटं बोललो. तू औषध पेला नव्हता. दारूबी पेला नव्हता."

"मले मालूम हाये, काकाजी," लक्ष्मण म्हणाला. "मी तिथंच होतो न."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की ही गोष्ट त्याला काहून सांगत आहेत. काकाजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

सोमीबाई मात्र बोलली. "काकाजी, याले मालूम हाये, मले मालूम हाये. गावाले कुठं मालूम हाये? साहेबानं कागदावर लेहलं, ते कोण वाचते? माह्या पोरीले शाळंत अजून म्हणते, तुहा बाप दारुड्या, औषध पेला. तुमाले सांगाचं असन तं त्याहिले सांगा."

थोरला मुलगा पुढे झाला. "बाबा आजारी आहेत, बाई. पाहता ना."

"मंग लवकर सांगावं लागन," सोमीबाई म्हणाली.

काकाजींनी मुलाला हातानं थांबवलं. "ते बरोबर सांगून राह्यली," ते म्हणाले.

रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेब मंडळीला घेऊन काकाजींच्या अंगणात आले. काकाजींनी पोडावरच्या लोकांना बोलावलं होतं, शाळेच्या मास्तरांना बोलावलं होतं, चौकातल्या त्या पुढाऱ्यालासुद्धा. खाट बाहेर आणली. मुलानं पाठीला आधार देऊन बसवलं. आवाज फार लांब जात नव्हता, म्हणून सगळे जवळ सरकले.

ते फार बोलले नाहीत. "लक्ष्मण दारू पेत नाई. तवाबी पेला नव्हता. माहा पंप गयका होता. मले मालूम होतं. मी घाबरून खोटं बोललो, अन् मंग ते खोटं धरून बसलो." एवढं बोलून त्यांना दम लागला. मग मास्तरांकडे पाहून म्हणाले, "मास्तर, हे शाळंत सांगजा. पोरांले."

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, नेहमीची वाक्यं सोडून दिली, आणि ती थोडक्यात संपवली. इतकी वर्षं मी त्यांची प्रार्थना ऐकली, पण अशी मनापासूनची थोड्याच वेळा ऐकली असेल. लोक हळूहळू पांगले. माझ्या सतरंजीवर न बसणाऱ्या एक बाई जाताना माझा हात दाबून गेल्या.

मुलांनी खाट आत घेतली. मी काकाजींच्या अंगावर चादर घातली. ते थकले होते, पण झोप येत नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "देव मले माफ करन का?"

आमच्या मंडळीत या प्रश्नाचं उत्तर लहान पोरही देईल. माझ्या जिभेवरही ते आलं होतं. पण या माणसानं मला कशासाठी बोलावलं होतं ते आठवलं आणि मी शब्द जपून उचलले.

"करील असा माझा विश्वास आहे, काकाजी. पाहिलेलं विचाराल, तर लक्ष्मणभाऊ अजून बाहेर बसलेत. सगळे गेले, ते गेले नाहीत."

काकाजींनी मान दाराकडे वळवली. बराच वेळ तिकडे पाहत राहिले.

"त्याले चहा देल्ला का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "विचारून येते."

चहा दिलेला नव्हता. काकूंनी लगेच आधण ठेवलं. मी लक्ष्मणला आत बोलावलं. तो आधी दारात घुटमळला, मग खाटेजवळच्या खुर्चीवर, अगदी कडेला, बसला. त्याचा हात थरथरत होता म्हणून काकूंनी कप अर्धाच भरला. काकाजींना चहा चालत नव्हता, पण त्यांनी मागितला. मी चमच्यानं त्यांचे ओठ ओले केले. लक्ष्मणचा चहा संपला तेव्हा काकाजी काकूंना म्हणाले, "त्याले अजून दे."